स्टँडचा स्क्रू

लेकीनं अट घातली तेव्हा मी ओट्याशी भांडी विसळत होते आणि हे टेबलाशी उजवा हात मांडीखाली दाबून वर्तमानपत्र वाचत होते. हात मांडीखाली घ्यायची सवय कंपवात झाल्यापासूनची. बघणाऱ्याला वाटे, माणूस किती निवांत बसलाय.

"रविवारी, टाकीच्या टेकडीवर," लेक म्हणाली. "बॅग पाठीवर घेऊन चढायचं. वर स्टँड उभा करायचा, कॅमेरा लावायचा, एक फोटो काढायचा, सगळं परत भरायचं आणि उतरायचं. कुणाचीही मदत न घेता. जमलं तर नदीवर जा. नाही जमलं तर ह्या घरात पुन्हा त्या वळणाचं नाव काढायचं नाही."

"ऐकलंस ना," हे मला म्हणाले. "फौजदारांचा हुकूम निघालाय."

फौजदार हे ह्यांनीच तिला ठेवलेलं नाव. लहान होती तेव्हा एखादा पाहुणा पंखा बंद न करता खोलीतून उठला, तर ती त्याला पार रस्त्यावरून परत बोलावून आणायची. आता ती इस्पितळात व्यायामोपचाराचं काम करते. पडलेल्या, मोडलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं. दिवसभर उठा, बसा, हात वर, आता एका पायावर. पडलेलं म्हातारं माणूस नंतर कसं दिसतं ते ती रोज बघते, म्हणून तिच्याशी वाद घालायला माझं तोंड उघडत नसे. शिवाय गेल्या वर्षी हे जिन्यावरून पडले, तेव्हा कपाळावरचं रक्त तिनंच पुसलं होतं. कॅमेऱ्याची जुनी बॅग एका खांद्यावर होती. ती घसरली, हे तिला सावरायला गेले आणि बॅगेच्या मागोमाग खाली आले.

त्या वळणाबद्दल सांगायला हवं. आमच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीवर एकाच नदीचे फोटो आहेत, सगळे एकाच खडकावरून काढलेले, वर्षाला एक. पहिला काढला तेव्हा लेक माझ्या पोटात होती. सहज म्हणून आम्ही त्या डोंगरावर गेलो होतो. वरून दिसलं की नदी एक मोठा वळसा घेऊन जवळजवळ स्वतःपाशीच परत येते, आणि मधे एक रुंद माळ सोडते. पहिल्या फोटोत त्या माळावर गुरं चरताना दिसतात. पुढच्या वर्षी गेलो तर माळ थोडा अरुंद झालेला. नदी दोन्ही बाजूंनी कुरतडत होती. मग हे दरवर्षी, पाणी चढायच्या आधी, तिथं जायला लागले. लग्नाचे, बारशाचे, पासपोर्टचे फोटो काढून आमचा स्टुडिओ चालला, पण ह्यांना विचारलंत की आयुष्यात काय केलं, तर हे ती भिंत दाखवतील. शेवटच्या फोटोत माळाची नुसती पट्टी उरली आहे. धरणाच्या कचेरीतला एक ओळखीचा माणूस सांगून गेला होता की येत्या पाण्यात ती फुटणार, नदी सरळ वाहणार आणि वळण मागं डबकं होऊन पडणार.

शेवटच्या फोटोनंतर दोन खिळे रिकामे होते. एक आजाराच्या वर्षाचा, एक जिन्याच्या. पाणी चढायला आता फार दिवस राहिले नव्हते. ह्या खेपेला गेलं नाही, तर भिंतीवरची गोष्ट शेवटाशिवाय राहणार होती. हे बोलून दाखवत नसत. फक्त जाता-येता रिकाम्या खिळ्यांवर बोट फिरवत.

"रविवारी तर रविवारी," हे म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. डाव्या हातानं.

*

जुना लाकडी स्टँड नेणं शक्यच नव्हतं. तो उचलायला मी होते तोवर ठीक होतं. तरुणपणी तो खांद्यावर टाकून मी ह्यांच्या पुढं चढायचे. सासूबाई म्हणायच्या, बायको केलीय की हमाल ठेवलाय. पण ते कामच तसं जमून गेलं होतं. ह्यांनी कॅमेरा धरून जागा शोधायची, डोळा लावायचा, इकडं थोडं, तिकडं थोडं करायचं आणि मनासारखं आलं की म्हणायचं, "हां." मी म्हणायचे, "बसलं." मगच हे कॅमेऱ्यावरचे हात सोडत. समोर नवरानवरी असोत की नदी, हां आणि बसलं. स्टुडिओत येणारी पोरं आमची नक्कल करायची.

तर नवी बॅग आणि नवा छोटा स्टँड घ्यायला आम्ही दोघं गेलो. ज्या दुकानातून फिल्मचे रोल घ्यायचो, तिथं आता दुकानदाराची सून बसते. चटपटीत बाई. आम्हाला काका-काकू म्हणते.

ह्यांनी सगळ्यात मोठ्या बॅगेकडं बोट केलं. "ती काढा. तिच्यात तिन्ही लेन्सा मावतील."

"नदीला एकच लागते," मी म्हटलं.

"मग बाकीच्या दोन काय घरी बसून रडतील?"

"रडू देत. त्यांना मी समजावीन."

सून हसली आणि तिनं एक मधली बॅग काढली. "काका, ही बघा. ही पुढून नाही, पाठीच्या बाजूनं उघडते. चिखलात ठेवली तरी पट्टे वरच्या अंगाला राहतात, तुमचा शर्ट खराब होत नाही. आणि कमरपट्टा न सोडता पोटावर फिरवून घेतली, की उभ्या उभ्या कॅमेरा काढता येतो."

ह्यांनी बॅग पाठीला लावली आणि दुकानात दोन फेऱ्या मारल्या. "हलकी आहे."

"रिकामी बॅग सगळ्यांनाच हलकी," मी म्हटलं आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळून आणलेला कॅमेरा बाहेर काढला. सुनेनं माझ्याकडं जरा बघितलं. पण कॅमेरा आत ठेवल्यावर फरक कळला. पहिल्यांदा भार नुसता खांद्यावर आला आणि हे पुढं झुकले. ते झुकणं मला चांगलंच माहीत होतं, जिन्यावर त्यानंच घात केला होता. मग सुनेनं कमरेचा पट्टा आवळायला सांगितला. बकल लावताना ह्यांचा उजवा हात खिशातून निघालाच नाही. डाव्यानं एकदा चुकलं, दुसऱ्यांदा खट्ट वाजलं. भार कमरेच्या हाडांवर उतरला आणि हे सरळ झाले. मला बरं वाटलं. किती दिवसांनी ह्यांची मान शर्टाच्या कॉलरच्या वर दिसली.

स्टँडपाशी मात्र घोडं अडलं. घडी करून बॅगेला बाजूनं बांधता येतील असे दोनच होते. एकाच्या पायांना पिळायच्या कड्या होत्या: कडी सैल करायची, पाय लांब ओढायचा, कडी पुन्हा पिळायची. दुसऱ्याला खटके होते, आणि तो थोडा जड होता. ह्यांना पहिला आवडला. बारीक, काळा, देखणा.

"काका, उघडून बघा ना," सून म्हणाली.

आता उजवा हात बाहेर काढणं भाग होतं. पहिली कडी सुटली. दुसरी कशीबशी सुटली. तिसरी सगळ्यात बारीक. अंगठा तिच्यावर ठरेना. नख कडीवर टकटक वाजायला लागलं, थांबेना. काउंटरपाशी एक गिऱ्हाईक बॅटरी घेत होता, त्यानं मान वळवली. सून खाली बघून उगाच दुसरं खोकं नीट करायला लागली. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नवीन आहे," हे म्हणाले. "घट्ट आहे जरा."

दुकानातूनच घरी परत जायची वेळ येते की काय असं मला वाटलं. ह्यांनी स्टँड खाली ठेवून 'जाऊ दे' म्हटलं असतं, तर रविवारची गरजच उरली नसती.

"मला तो दुसरा बरा वाटतो," मी म्हटलं. "ह्याचा रंग मेला कोळशासारखा."

"स्टँड काय दिवाणखान्यात मिरवायचाय?"

"तुम्हाला काय, दारामागं उभा राहणार तो. पुसायचा मलाच आहे."

ह्यांनी बडबडत का होईना, दुसरा स्टँड हातात घेतला. खटके तळहाताच्या टाचेनं उघडत होते. बोटांचं काही काम नव्हतं. एक, दोन, तीन. ह्यांनी ते पुन्हा बंद केले आणि पुन्हा उघडले.

सुनेनं दुकानातला कॅमेरा वर चढवला, कॅमेरा जिथं वाकतो त्या डोक्याचा स्क्रू आवळला आणि त्यावर टपली मारली. "आता मी लोंबकळले तरी हलायचा नाही. आणि काका, हलका स्टँड वाऱ्यात नाचतो. खाली हा आकडा आहे, त्याला तुमची बॅग अडकवा. तेच वजन होतं."

"म्हणजे जे पाठीवर तेच पायाशी," हे खुशीत म्हणाले. "बघ, असं असतं शहाणपण."

*

आठवडाभर सराव चालला. लेक इस्पितळात गेली की आम्ही बाहेरच्या खोलीतलं टेबल बाजूला सारायचो. बॅगेच्या चेनना मी नाडीचे मोठे फास बांधून दिले, म्हणजे बोट अडकवून ओढता येईल. हे बॅग घालून अंगणात चकरा मारायचे, आत यायचे, बॅग पोटावर फिरवायची, कॅमेरा काढायचा, तळहातानं खटके, आकड्याला बॅग. मी शेजारी उभी. मदत करायची नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. समोरच्या भिंतीवरची नदी धरून हे डोळा लावायचे.

"हां."

"बसलं."

शनिवारपर्यंत हात कापत असतानासुद्धा सगळं बिनचूक होत होतं. "फौजदारांचा चेहरा बघण्यासारखा होईल," हे म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

आमची सगळी धास्ती गोळीची होती. औषध घेतल्यावर काही वेळ हात माणसात असतो, मग पुन्हा सुरू. रविवारी हिशेबानं गोळी घेतली, आणि नेमकं लेकीला इस्पितळातून बोलावणं आलं. "आत्ता आले," म्हणून गेली ती परतेपर्यंत ऊन चढलं होतं. ह्यांचा हात मांडीखाली गेला होता.

"उद्या करायचं का?" मी हळूच विचारलं.

"उद्या तिची सुट्टी नाही," हे म्हणाले. "आणि नदी माझ्या गोळीसाठी थांबणार आहे का?"

टाकीची टेकडी आमच्या घरामागंच. अर्ध्यापर्यंत पायऱ्या, पुढं पायवाट. हे पुढं, लेक एक पाऊल मागं, हात पाठीशी बांधून, आणि मी सगळ्यात मागं. माझे गुडघे हल्ली चढाला कुरकुरतात. मागून मला ह्यांची बॅग दिसत होती. ती डावीउजवीकडं झुलत नव्हती, पाठीला चिकटून होती. पायवाटेवर एकदा पाय सरकला. लेकीचे हात पाठीमागून सुटले, पण हे स्वतःच सावरले.  हात पुन्हा बांधले.

वर वारा होता. टाकीच्या कडेला सपाट जागा आहे, तिथून गावाची छपरं दिसतात. लेकीनं बुटाच्या टोकानं मातीत रेघ ओढली. "आई, तू ह्याच्या अलीकडं. हात लावायचा नाही."

"बरं गं बाई."

ह्यांनी बॅग पोटावर फिरवली. नाडीत बोट अडकवलं. चेन निम्म्यात अडली, वाऱ्यानं कापड आत गेलं होतं. हात आता चांगलाच कापत होता, आणि लेक त्या हाताकडं एकटक बघत होती, जशी ती इस्पितळातल्या रोग्यांकडं बघते. मीही हाताकडंच बघत होते. चेन मागं घेतली, पुन्हा ओढली, सुटली. कॅमेरा गळ्यात. स्टँड सोडवला. खटके, एक, दोन, तीन. पुढचा पाय उतारावर आला म्हणून तो थोडा आखूड केला. हे तर आम्ही शिकलोही नव्हतो, ह्यांना आपोआप सुचलं. बॅग आकड्याला अडकवली आणि नाचणारा स्टँड शांत झाला. कॅमेरा वर चढवला. खाचेत सरकल्याचा आवाज रेघेअलीकडं मला ऐकू आला. मी श्वास सोडला. आता उरलं होतं ते तर डोळे मिटून करण्यासारखं.

ह्यांनी दोन्ही हातांनी कॅमेरा धरला, डोळा लावला. इकडं थोडं. तिकडं थोडं. छपरांच्या दिशेनं खाली वाकवला.

"हां," हे म्हणाले.

आणि माझा अंगठा वळला.

मी पदराआड हात बांधून उभी होते, आणि आतल्या आत माझा अंगठा आणि बोट काहीतरी आवळत होती. मी खाली बघितलं. मग स्टँडकडं बघितलं. स्क्रू सैल होता. तो कुणी आवळलाच नव्हता, कारण तो नेहमी मी आवळते. लाकडी स्टँडचा मी आवळला, स्टुडिओतला मी आवळला, आणि आठवडाभर मदत करायची नाही म्हणून शेजारी उभी राहून प्रत्येक खेपेला मीच आवळला होता. ह्यांनी पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. बसलं म्हणण्याच्या आधी माझा हात जातो, हे मला आत्ता माझ्या अंगठ्यानं सांगितलं.

हे तसेच उभे होते. डोळा कॅमेऱ्याला, दोन्ही हात कॅमेऱ्यावर. वाट बघत होते. शब्द माझ्या जिभेवर आला होता. इतक्या वर्षांचा शब्द तो, 'हां'च्या मागोमाग आपणहून येतो. मी म्हटला असता, तर ह्यांनी हात सोडले असते, कॅमेरा पुढं कोसळला असता, आणि पुढचा पाय उतारावर, म्हणजे स्टँडही त्याच्यामागं. आणि हे त्याला सावरायला. जिन्यावर गेले होते तसे. पलीकडं टेकडीची कड होती.

"बाबा, काय झालं?" लेक म्हणाली. "काढा ना."

"हां," हे पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. वाऱ्यात मला ऐकू गेलं नसेल असं वाटून. डावा हात सुटायला लागला.

"बसलं नाही," मी म्हटलं.

हात जागच्या जागी थांबले. असं मी आजवर कधी म्हटलं नव्हतं. ह्यांनी डोळा काढला, मान वळवून माझ्याकडं बघितलं, मग कॅमेऱ्याच्या खाली. तो काळा स्क्रू जणू पहिल्यांदाच दिसत होता.

"हा कुठल्या बाजूला आवळतात?" ह्यांनी विचारलं.

लेकीला वाटलं, चेष्टा आहे. "म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"कधी वेळ आली नाही," हे म्हणाले.

"उजवीकडं," मी म्हटलं.

डाव्या हातानं कॅमेरा धरून उजव्यानं स्क्रू आवळायचा होता. बोटं त्यावर बसेनात. टकटक, टकटक. लेक पुढं झाली आणि थांबली. शेवटी ह्यांनी तळहात त्यावर दाबला आणि सगळं मनगट वळवलं, दाराची मूठ फिरवतात तसं. एकदा, दोनदा. हात सोडले. कॅमेरा हलला नाही. एक फोटो काढला, काय काढला कोण जाणे. सगळं भरलं, बकल लावलं आणि उतरलो. 

*

"नापास का?" हे पाण्याचं भांडं खाली ठेवत म्हणाले.

लेक बराच वेळ टेबलावरचं मीठ बोटानं गोळा करत बसली. "मी हात बघत होते," ती म्हणाली. "चढताना-उतरताना पाय बघत होते. दोन्ही ठीक आहेत. खरं सांगते, मला वाटलं नव्हतं. पण आई बोलली नसती तर?"

"हात लावायचा नाही असं ठरलं होतं," मी म्हटलं. "बोलायचं नाही असं नव्हतं."

"वकिली करू नकोस." मग ह्यांच्याकडं वळून, "बाबा, मी परवानगी एका माणसाला देणार होते. तुम्ही अर्धेच निघालात. उरलेलं अर्धं हे इथं बसलंय, गुडघे धरून."

"मग दोघांना जाऊ दे," हे म्हणाले.

"आईला खडकावर चढवणार कोण? क्रेन?"

बोलाचाली झाली. मी रडले नाही, पण उठून गॅस उगाच पुसला. लेकीचं म्हणणं चूक नव्हतं. त्या खडकाला शेवटी एक उंच पायरी आहे. पूर्वी त्या पायरीवर बसून मी वर हात घालायचे, स्क्रूपर्यंत पोचायचा. वर स्टँड आणि एका माणसापुरतीच जागा. आता ती पायरी माझ्यानं होणार नव्हती. ते दोघंही हे जाणत होते, म्हणून कुणी ते म्हणत नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. तिघंही जायचं. मी खडकाच्या पायथ्यापर्यंत. लेक पायरीवर, हात खिशात. वर हे एकटे. पण त्याआधी स्क्रू शिकायचा.

तो आठवडा पहिल्यापेक्षा वाईट गेला. मी स्वयंपाकघरात बसायचे, भिंतीआड, आणि हे बाहेरच्या खोलीत.

"हां."

"आवळला?"

"आवळला."

"मग बसलं."

फोटो झाला की मी बाहेर येऊन स्क्रू सैल करून द्यायचे. असं दहादा व्हायचं आणि अकराव्यांदा नुसतं "हां" आणि धप्प. स्टँडच्या पुढं आम्ही गादी टाकून ठेवली होती. हात नव्हता विसरत, माणूस विसरत होतं. इतकी वर्षं 'हां' म्हटलं की ह्यांचं काम संपायचं. कधी कधी मी विचारायची थांबायचे, तेव्हा तर धप्प ठरलेलंच. निघायच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा एकदा पडला. लेकीनं तो आवाज ऐकला. दारात उभी राहिली, गादीवर स्टँडसकट पालथ्या पडलेल्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. लवकर निघायचंय."

*

डोंगर तोच होता, वाट थोडी झिजली होती. वाटेवरून नदी दिसत नाही, ती फक्त त्या खडकावरून दिसते. म्हणून वळण उरलंय की फुटलं, हे चढताना कुणालाच माहीत नव्हतं. वरच्या बाजूला ढग होते आणि खालून पाण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. मी तो ऐकला. ह्यांनीही ऐकला असणार. पावलं भरभर पडायला लागली आणि लेकीनं दोनदा दटावलं.

खडकाशी मी टेकले. हे पायरीशी थांबले, बॅगेचा कमरपट्टा आणखी एक घर आवळला आणि दोन्ही हात टेकून वर गेले. लेक पायरीवर, हात खिशात घातलेले, पण कोपरं ताठ. तिथून तिलाही नदी दिसत नव्हती. मला तर ह्यांच्या बुटांचे तळवे, स्टँडचे पाय आणि आकाश एवढंच.

वर गेल्यावर हे काही बोलले नाहीत. फोटो निघाल्याशिवाय काय दिसतंय ते सांगायचं नाही, हा ह्यांचा जुना नेम. मी विचारलंही नाही. खटके वाजले, तीन. मग आकड्याला अडकवलेली बॅग दिसली. वाऱ्यानं ती हलली, थांबली. खाचेचा आवाज. मग खूप वेळ काहीच नाही. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी बोट ओठांवर ठेवलं.

"हां," वरून आलं.

"आवळला?"

उत्तर नाही. वारा कानाशी घुमत होता. मला काही दिसत नव्हतं, आणि माझा अंगठा आपला वळत होता. मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. बुटाचा एक तळवा थोडा उचलला गेला, खडकाच्या कडेकडं. लेकीचे हात खिशातून बाहेर आले.

"अहो," मी म्हटलं. ओरडले नाही. भिंतीआडून विचारायचे तसंच विचारलं. "आवळला का?"

"थांब," हे म्हणाले. मग टकटक ऐकू आली, बारीक, नखाची. मग ती थांबली. तळहात दाबला असणार. "आवळला."

"मग बसलं," मी म्हटलं.

कॅमेऱ्याचा आवाज केवढासा असतो. पुन्हा एकदा आला, मग आणखी एकदा. तळवा खडकावर सपाट टेकला.

"अजून जोडलेलं आहे," हे वरून म्हणाले. "एवढीशी वाट उरलीय. दोन माणसं शेजारी शेजारी चालायची नाहीत. पण आहे."

लेक डोळे पुसत होती, वाऱ्यानं म्हणे. मग हात पुन्हा खिशात घालून म्हणाली, "चला, आवरा. माणसं पडतात ती उतरताना."

"आवरतो," हे म्हणाले. "पण फौजदार, हा सैल कुठल्या बाजूला करतात ते जरा आईला विचारून सांगा."